चाळिसावं खातं

नोटा मोजताना बोट ओलं करायचा, काचेच्या वाटीतला स्पंज वाळून कडक झाला होता. सवयीनं तिनं बोट टेकवलं, ते आत रुतलं नाही, आणि मग ते बोट तसंच अधांतरी धरून ती पाहत राहिली — याला आता पाणी घालायचं की नाही? आज शेवटचा दिवस. चार वाजता बँकेतली रोखीची खिडकी कायमची बंद होणार, उद्या सुतार येऊन काउंटर उचकटणार, त्या जागी निळा सोफा येणार (सोफा आलासुद्धा होता, प्लॅस्टिकच्या वेष्टणात, जिन्याखाली उभा करून ठेवलेला), आणि एवढ्या सहा तासांसाठी वाटी घेऊन बेसिनपर्यंत जायचं म्हणजे मेलेल्याला काढा पाजण्यासारखं... तरी ती उठली. वाटी भरून आणली. सत्तावीस वर्षं दिवस असाच सुरू झाला होता. वरून कागद आला की खिडकी बंद होते, बोटांची सवय बंद होत नाही.

"मॅडम," मॅनेजर काचेशी येऊन म्हणाला, "लक्षात आहे ना? वीस हजारांच्या खालचं कुणालाच द्यायचं नाही. सगळ्यांना मशीनकडे पाठवायचं. गोड बोलून."

तो स्वतःही गोडच बोलायचा. तिच्याहून वीस वर्षांनी लहान, इस्त्रीचा शर्ट, नावं ठेवायला कुठं जागाच नाही. उद्यापासून तिनं अंगावर आडवा पट्टा घालून मशीनशेजारी उभं राहायचं होतं. 'मी आपली मदत करू का?' असं छापलेला तो पट्टा त्यानं काल तिच्या हातात असा ठेवला, जणू बढतीच. "तुम्हाला लोक ओळखतात मॅडम. तुमचं ऐकतात." ऐकतात. ऐकलंच होतं की. एकोणचाळीस जणांनी ऐकलं, आणि चाळिसाव्या...

नको. सकाळी सकाळी ते नको.

तिनं बंडलं लावून घेतली. खोटी नोट डोळ्यांच्या आधी तिच्या बोटांना कळायची. पाचशे चांगल्या नोटांत एक खोटी असली तरी अंगठा तिथं अडायचा, उंबऱ्याला ठेच लागावी तसा. एकदा कधी तरी वरच्या ऑफिसातून आलेल्या साहेबानं डोळ्यांवर रुमाल बांधून तिची परीक्षा घेतली होती, आणि सगळी शाखा गोळा होऊन टाळ्या वाजवत होती, आणि ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, रुमालाखाली घाम फुटलेली... काय उपयोग? आता नोटाच नाहीत तर खोट्या कुठून येणार. खोटेपणा राहायला दुसरीकडे गेला.

साडेदहाला गवंडी आला. कित्येक वर्षांचा खातेदार. स्लिपवर आठ हजार लिहिलेले.

"दादा, आता मशीनमधून काढायचे. ते बघा, तिथं. अंगठा लावला की झालं."

"बाई, त्या मशीनला माझा अंगठा दिसत नाही. सिमेंटनं रेघाच राहिल्या नाहीत बोटाला. तीनदा झालंय."

"मग फोनवरून—"

"माझ्या माणसांना मजुरी हातात द्यायची असते." तो काचेतून तिच्या ड्रॉवरकडे बघत होता. रागानं नाही, कुतूहलानं. "बाई, तुमच्यापुढं पैसे आहेत. मला दिसतायत."

"नियम आहे, दादा."

तो गेला. जाताना स्लिपची नीट चौघडी करून खिशात ठेवली त्यानं, फेकली नाही. फेकली असती तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्या तरी... शिवी खाल्ली की माणूस मोकळा होतो, फिट्टंफाट होते. हे लोक शिव्या देत नाहीत. मान हलवतात, आणि ती हललेली मान दिवसभर आपल्या मानेवर बसून राहते.

अकरा वाजायला आले तशी तिची नजर दाराकडे जाऊ लागली. आज पाच तारीख. पाच तारखेला अकराच्या ठोक्याला ज्या बाई यायच्या त्यांना सगळी शाखा 'अकराच्या मावशी' म्हणायची. पंचाहत्तरीच्या, ठेंगण्या, पातळ पांढऱ्या केसांच्या, बारा महिने छत्री घेऊन हिंडणाऱ्या. चार हजार काढायच्या, ना कमी ना जास्त. नोटा हातात घेतल्या की मोजायच्या नाहीत. "तू मोजल्यास ना? मग झालं." सहा वर्षं.

त्या येऊ नयेत असं तिला वाटत होतं, आणि आल्या नाहीत तर त्याचा अर्थ काय होईल तेही तिला कळत होतं.

ते चार हजार कशाचे, ते या शाखेत तिला एकटीलाच माहीत होतं. मावशींनीच सांगितलं होतं, काचेच्या खालच्या फटीशी तोंड नेऊन, शाळकरी मुलीनं गुपित सांगावं तसं: "भाड्याचे गं. मी एक खोली घेतलीय." तिला आधी वाटलं, कुणा गरिबाला ठेवलंय, एखादी टाकलेली मुलगी, एखादा वाया गेलेला भाऊ. अशा गोष्टी खिडकीवर पुष्कळ कळतात. तसं काही नव्हतं. मग वर्षापूर्वी एकदा मावशी म्हणाल्या, "ये एकदा. पण कुणाला सांगू नकोस." आणि ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली होती.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक इस्त्रीचं दुकान, त्याच्या बाजूनं अरुंद जिना, वर एक खोली. एक खुर्ची, एक खाट, पाणी उकळायची विजेची किटली, एक कप. एकच कप, म्हणून पाहुणीला कप दिला आणि मावशी स्वतः पाण्याच्या बाटलीच्या झाकणातून घोट घोट चहा प्यायल्या. खिडकीखाली गाडी शिकवणाऱ्यांचं मैदान. नवशिके लोक पत्र्याच्या डब्यांमधून गाडी मागे घ्यायला शिकत होते, आणि मावशी खाटेवर मांडी घालून बघत होत्या. "तो पांढरा शर्टवाला गेल्या आठवड्यापासून येतोय. रोज तोच डबा पाडतो."

"तुम्ही काय करता इथं, मावशी?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"अगं, काही नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येते, बसते, जाते. घरी म्हणजे सगळे चांगले आहेत बरं का. मुलगा चांगला, सून चांगली. पण पन्नास वर्षं सारखं कुणी तरी विचारतंय — काय करतेस, कुठं निघालीस, का बसलीस अशी, बरं नाही का वाटत. इथं कुणी विचारत नाही." मग हसून: "तू विचारलंस तेवढंच."

त्या दिवशी जिना उतरताना तिनं दोनदा मागं वळून त्या दाराकडे पाहिलं होतं, आणि स्वतःला सांगितलं होतं की हे कौतुक आहे. किती दिवस सांगितलं. बसमध्ये, भांडी विसळताना, काउंटरवर. कौतुक. बाई कशी जगतेय बघ, या वयात... कौतुक एवढं कडू नसतं, हे कळायला मला किती तरी महिने लागले.

कारण घरी पोचली तर नवरा दारातच म्हणाला होता, "आज अर्धी रजा टाकलीस? बसचं भाडं दोनदा कापलेलं दिसलं. कुठं गेली होतीस?" नवरा वाईट नव्हता. हे वाक्य ती इतक्या वेळा म्हणायची की त्याला आता पाठीवरच्या जुन्या तिळाएवढाच अर्थ उरला होता — नवरा वाईट नाही. खातं दोघांचं मिळून होतं, कुणीही काही घेतलं की दोघांच्या फोनवर एकदमच वाजायचं, आणि तो तेवढ्याच सहजपणे विचारायचा. औषधाच्या दुकानात एकशेऐंशी? डोकं दुखतंय का? ते तीनशे कसले, परत चपला? पाळत नव्हे, काळजीच. काळजीला उलट कसं बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तोही नव्हता हा. तोंड दाबून पापे घ्यावेत तसं.

आणि ती, जिच्या हातांतून आजवर किती कोटी गेले त्याची मोजदाद नाही, तिच्याकडे जगात कुणाला ठाऊक नाहीत अशा चार नोटा आयुष्यात कधी नव्हत्या. पहिला पगार वडिलांच्या हातात. मग नवऱ्याच्या. मग खात्यात. चार नोटा. या ठेंगण्या बाईकडे त्या होत्या, दर महिन्याला, आणि त्या मीच मोजून देत होते.

अकरा वाजून गेले. सव्वाअकरा. अकरा-वीसला दार उघडलं आणि छत्री आधी आत आली, तिच्यामागून मावशी, आणि मावशींचं कोपर धरून पन्नाशीचा एक गृहस्थ. मुलगा. चष्म्याचं दुकान होतं त्याचं. हे तिला माहीत होतं, कारण जुन्या नोंदीत दुकानाच्या नावाशेजारीच त्याचा फोन नंबर होता, आणि तो तिनं स्वतःच्या हातानं उतरवून लिहिला होता.

त्यानं आईला बाकावर बसवलं, छत्री घेऊन बाकाला टेकवून ठेवली, आणि खिडकीशी आला.

"नमस्कार. तुम्हीच ना त्या? आई घरी तुमचं फार बोलते. खिडकीवरच्या बाई, खिडकीवरच्या बाई."

"नमस्कार."

"एक विचारायचं होतं." त्यानं आवाज खाली आणला. "तीन महिने झाले, बँकेचे मेसेज यायला लागलेत मला. दर पाच तारखेला चार हजार. आधी वाटलं, घेतले असतील काही कामाला. मग विचारलं तर म्हणाली मैत्रिणीला दिले. कुठली मैत्रीण, तर ताकास तूर लागू देत नाही. आणि मंगळवारी-शुक्रवारी दुपारी घरी नसते, हे मला बायकोनं आत्ता सांगितलं." त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. त्याचे डोळे लाल होते. "आमच्या शेजाऱ्यांच्या वडिलांना एकानं असंच गोड बोलून धुऊन काढलं हो. म्हातारी माणसं, लाजेनं सांगत नाहीत. पैशांचं काही नाही, मी उद्या आठ हजार देईन तिला. पण कुणी तिला धमकावत असेल तर? रात्र रात्र झोप नाही मला. तुम्ही सहा वर्षं ओळखता. तुम्हाला कधी काही बोलली का?"

तो वाईट असता तर! अरेरावी करणारा, आईच्या पैशांवर डोळा ठेवणारा असता, तर तिच्या तोंडून खोटं कसं सरसर आलं असतं. पण हा माणूस खरोखर घाबरला होता. आणि पाचच शब्द पुरले असते. मला माहीत आहे, काळजी नको. कसलं, काय, काही सांगायची गरज नव्हती. बँकेतली बाई सांगतेय म्हटल्यावर त्यानं विश्वास ठेवला असता, चेहऱ्यावरूनच दिसत होतं, तो विश्वास ठेवायला जागा शोधत होता.

तिनं बाकाकडे पाहिलं. मावशी तिच्याकडे बघत नव्हत्या. समोरच्या भिंतीवर व्याजदरांचा तक्ता होता, तो वाचत होत्या.

"नाही," ती म्हणाली. "आम्हाला ग्राहकांना असं काही विचारता येत नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "बरोबर आहे तुमचं."

मॅनेजर तोवर आलाच होता. अशा वेळी त्याला वास येतो. दोन मिनिटांत त्यानं सगळं समजून घेतलं, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि उपाय काढला: खात्याला मुलाचं नाव जोडायचं, म्हणजे पैसे काढताना दर वेळी त्याच्या फोनवर एक गुप्त नंबर येईल, तो त्यानं सांगितला तरच पैसे निघतील. "आईंच्या सुरक्षेसाठीच सर. आम्ही सगळ्याच ज्येष्ठांना सुचवतो." फॉर्म छापून आला. मावशींना खिडकीशी आणलं, खुर्ची दिली.

"तुझा नंबर यांना दिला कुणी रे?" मावशींनी विचारलं.

"बँकेकडे होताच आई. तूच दिला असशील कधी तरी."

"हो का," मावशी म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांनी काचेतून तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच. फार वेळ नाही. नोट उजेडाला धरतो तेवढाच.

मग सही केली. अक्षर जराही हललं नाही.

"आजचे तरी मिळतील का? चार हजार?"

"मावशी, ते वीस हजारांच्या खाली आता—" मॅनेजर म्हणाला.

"आई, कुणाला द्यायचेत सांग ना," मुलगा खुर्चीपाशी जवळजवळ गुडघ्यावर बसला. फोन काढून हातात धरला त्यानं. "मी आत्ता, या मिनिटाला देतो. रागावणार नाही. शप्पथ. फक्त कुणाला ते सांग."

"कुणालाच नाही," मावशी म्हणाल्या. आणि ते खरं होतं. इतकं खरं होतं की कुणालाच पटण्यासारखं नव्हतं.

फोटो काढायला, कागदांच्या प्रती करायला मॅनेजर मुलाला आत घेऊन गेला. मावशी खिडकीशीच बसून राहिल्या. आता बोलायला हवं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि मावशीच म्हणाल्या,

"त्या इस्त्रीवालीला निरोप देशील? फोनवर नको, जाऊन सांग. या महिन्यापासून खोली नको म्हणावं. किटली तिला ठेवू दे. खुर्ची माझी आहे, पण... ठेवू दे तीही."

"मावशी, मी—"

"आणि तोंड पाडून बसू नकोस अशी. तुला तरी वरून सांगितलं असेल. नोकरी आहे बाई, पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं."

वरून सांगितलं होतं का? चाळीस खाती फोनला जोडा, असं सांगितलं होतं, हे खरं. तीन महिने मुदत, एकोणचाळीस झाली होती, शेवटचा दिवस होता, मावशी समोर होत्या आणि म्हणाल्या होत्या, मला नको गं ते, माझ्याकडे फोन कुठाय. आणि तरी सही केली होती, न वाचता, "तू सांगतेस ना, मग झालं." पण त्या फॉर्मवर एक चौकोन होता. अगदी खाली, बारीक अक्षरांत: ग्राहकाकडे फोन नाही. तिथं खूण केली असती तर साधं कार्ड आलं असतं, भिंतीतल्या मशीनमधून गुपचूप चार हजार निघाले असते, जगात कुणाच्या फोनवर काही वाजलं नसतं. फक्त ते खातं चाळिसात धरलं नसतं. चाळिसावं दुसरं कुणी शोधावं लागलं असतं... दहा मिनिटांचं काम. गवंडी सापडला असता, कुणीही सापडलं असतं. त्याऐवजी तिनं जुन्या नोंदींतून मुलाचा नंबर काढला होता आणि दहा आकडे, एकेक सुटा, सुवाच्य, निळ्या शाईत लिहिले होते. आणि शेवटचा आकडा लिहिताना तिला बरं वाटलं होतं.

हे वरून कुणी सांगितलं नव्हतं. आणि ही बाई मला माफी देऊन निघाली होती, नोटा न मोजता खिशात टाकाव्यात तशी.

मुलगा परत आला, आईचं कोपर धरलं, छत्री दुसऱ्या हातात घेतली. "थँक्यू हं," तो तिला म्हणाला. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून." दार बंद झालं.

दुपार गेली. कशी गेली ते तिला सांगता आलं नसतं. चार वाजता मॅनेजरनं सगळ्यांना गोळा करून खिडकीसमोर तिचा फोटो काढला, जरा हसा मॅडम, ती हसली, कुणी तरी टाळ्या वाजवल्या. ड्रॉवरची किल्ली तिनं सही करून परत केली. अंगठ्याच्या कडेला शाईचा डाग होता तो घासून पाहिला, गेला नाही. पर्स उचलली. बाहेर आली आणि भिंतीतल्या मशीनसमोर उभी राहिली.

चार हजार. यंत्रानं आत घरघर करून, नोटा करकरीत, कुणाच्या हाताचा स्पर्श नसलेल्या, बाहेर ढकलल्या. ती बाजूला होते न होते तोच फोन वाजला.

"चार हजार काढलेस? आत्ता? रोख?" नवऱ्याचा आवाज खरंच काळजीचा होता. "काय झालं?"

"शिपाई निवृत्त होतोय. सगळ्यांनी वर्गणी काढली, मी पुढं होऊन भरतेय, मग देतील सगळे."

"अगं, मग फोनवरूनच—"

"त्याला हातात द्यायचेत. पाकिटातून. जुना माणूस आहे."

"बरं बरं," तो म्हणाला. "उशीर होईल?"

"होईल थोडा."

तिनं फोन पर्समध्ये टाकला. पंचवीस वर्षांच्या संसारातलं हे पहिलं धडधडीत खोटं, आणि त्याला काही कष्टच पडले नव्हते. शिपाईसुद्धा क्षणात तयार झाला होता — जुना, पाकिटाचा मान असलेला. शाखेत शिपाई नव्हता, सात वर्षांपूर्वी ती जागाच रद्द झाली होती.

दोन बस बदलून ती पोचली तेव्हा साडेपाच होत आले होते, ऊन अजून चांगलं होतं. इस्त्रीच्या दुकानात वाफेचा, गरम सुताचा वास. इस्त्रीवाली चादर दाबत होती, तिनं मान वर केली. "तुम्ही त्या ना? एकदा आला होतात वर. बाई नाही आल्या आज? पाच तारीख चुकवत नाहीत कधी."

आता निरोप द्यायचा होता. बसमध्ये तिनं वाक्य जुळवलं होतं. पुढचंही ठरवलं होतं: हे चार हजार द्यायचे, म्हणायचं, या महिन्याचं भाडं मी देते, खोली राहू दे त्यांच्या नावावर, मी काही तरी मार्ग काढते. दर महिन्याला काढीन. वाक्यं चांगली होती. बसमध्ये त्यांनी तिला खूप बरं वाटलं होतं.

"त्यांच्याकडे जरा अडचण झालीय," ती म्हणाली. "पैशांची. म्हणजे रोख मिळत नाही आता त्यांना."

"हात्तिच्या, एवढंच ना?" इस्त्रीवालीनं इस्त्री उभी करून ठेवली. "मग त्यांना सांगा, नका देऊ म्हणावं काही महिने. इतक्या वर्षांत एक दिवस पुढंमागं झालं नाही त्यांचं. खोली काय, नाही तरी कपड्यांची गाठोडीच पडतील तिथं. येऊन बसा म्हणावं खुशाल. किल्ली आहेच त्यांच्याजवळ. सांगाल ना?"

समोर चादरीतून वाफ निघत होती. 

सांगणं सोपं होतं. चष्म्याचं दुकान तिला ठाऊक होतं. उद्या डब्याच्या सुट्टीत जाऊन, चष्म्याची काडी बसवून घ्यायला म्हणून, दुकानामागच्या घरात मावशींना हाक मारून...

"त्या आता यायच्या नाहीत," तिनं स्वतःचा आवाज ऐकला. "मुलाच्या बदलीमुळे गाव सोडलंय त्यांनी. आजच. मला म्हणाल्या, तू सांग."

"अरे देवा. भेटल्याही नाहीत."

"घाई झाली." आणि मग, पर्स उघडत: "खोली मला द्याल? याच भाड्यानं. मी रोखच देईन."

इस्त्रीवालीनं पैसे घेतले, पुसलेल्या हातांनी, एकेक करून मोजले, आणि दुसरी किल्ली खिळ्यावरून काढून दिली. काय करणार तिथं, असं विचारलं नाही. मावशी म्हणाल्या होत्या ते खरं होतं, इथं कुणी विचारत नव्हतं.

वर सगळं तसंच होतं. ती खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर. खूप वेळ ती वाट बघत होती, आपल्याला काही तरी होईल याची — रडू येईल, उलटी होईल, उठून खाली पळत जाऊ आणि म्हणू, चुकलं, मी खोटं बोलले. काहीच झालं नाही. लाज होती, हो, लाज आत कुठं तरी होतीच, शेजारच्या घरात कुणी खोकत असावं तशी, पण भिंतीपलीकडे. अलीकडे नुसती शांतता होती आणि ती माझी होती. उद्या सांगू, ती म्हणाली. उद्या जाऊ दुकानात. शुक्रवारी सांगू. हा महिना जाऊ दे, एक महिना, बाईंनी सहा वर्षं भोगलंय...

जिन्यावर पावलं वाजली. तिनं किल्ली मुठीत झाकली. पावलं हलकी होती, ठेंगण्या माणसाची, थांबत थांबत येणारी. मग खालूनच कुणी तरी इस्त्रीवालीला हाक मारली आणि पावलं उतरून गेली.

किल्ली आहे त्यांच्याकडे, तिच्या मनात आलं. मुलानं नाही म्हटलं तरी एखाद्या शुक्रवारी निसटून येतील. कुलूप बदलून घ्यायला हवं.

आणि हे मनात आलं तेव्हा ती दचकली नाही. दचकायला हवं होतं एवढं तिला कळलं. पायाला मुंगी चावल्याचं दिसावं पण जाणवू नये, तसं कळलं. ती खुर्चीत जरा मागे रेलली आणि किती ठिकाणी कुलपाची दुकानं आहेत, त्यांतलं कुठलं रोख घेत असेल, याचा शांतपणे विचार करू लागली.